घाट लागतो म्हणून

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ऑफिसात एक मैत्रीण आहे, तिला मी माझा खरा पगारसुद्धा सांगते — पण हे तिलाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते माझं मलाही नीट माहीत नाही.

आधी एक कबूल करते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी गर्विष्ठ बाई आहे. लोक म्हणतात म्हणून नव्हे, आहेच. आणि का नसावं? आमच्या खानदानात, आईच्या नि बाबांच्या दोन्ही बाजू धरून, कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.कॉम. झाले, फर्स्ट क्लासात. निकालाच्या दिवशी बाबा लालबागच्या आमच्या चाळीत दारोदार गेले आणि ‘कामर्स, कामर्स’ असं सांगत राहिले; त्यांना वाटलं पोरगी कामाचंच काहीतरी शिकली. ते अगदीच चूक नव्हतं.

आणि आज मी माझ्या गाडीचे ब्रेक स्वतः करते. खरंच करते. पुढचे पॅड बदलते, मागच्या चाकांतले लायनर बदलते, ब्रेक ऑइल बदलून पाइपातली हवा काढते. क्लचला, एसीला गॅरेजवाला हात लावतो, तो वाईट माणूस नाही, त्याचं काम चोख असतं. पण ब्रेक माझे. सगळं झाल्यावर पेडलवर पाय ठेवला की ते जे खालून घट्ट उत्तर देतं ना — ते ज्याने अनुभवलंय त्याला कळेल मी काय म्हणते आहे. परळला आमच्या सोसायटीच्या आवारात मी गाडीखाली असते तेव्हा वरच्या मजल्यांवरून माना वाकवून लोक बघतात. बघू देत. मला आवडतं.

हे सगळं खरं आहे. पण सुरुवात खोटी आहे. आणि त्या खोट्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, तिला खोटं म्हणायचं की काय म्हणायचं — तुम्हीच ठरवा. किंवा नका ठरवू.

माझे बाबा मिलमध्ये फिटर होते. मिल गेली, पण हत्यारांची पेटी राहिली. खोलीत माणसांना झोपायला जागा पुरत नव्हती, तरी पलंगाखालचा तो कोपरा पेटीचा. दरवर्षी खंडेनवमीला पाने, हातोड्या, क्लॅम्प सगळं बाहेर यायचं, रॉकेलने पुसलं जायचं, पाटावर मांडून त्यावर हळदकुंकू वाहिलं जायचं. त्यांना मुलगा नाही. मी एकटीच. चाळीत कुणी ना कुणी दरवर्षी म्हणायचंच — तुझ्यामागे ही हत्यारं भंगारात जाणार रे. बाबा हसायचे. पण मला त्यांचं हसू माहीत होतं. मी शिकले याचा त्यांना अभिमान होता, आणि शिकले म्हणून माझे हात गेले, अशी एक बोच पण होती. बोलून दाखवली नाही कधी. बोलले असते तर बरं झालं असतं का?

लग्नानंतर आम्ही सेकंडहँड गाडी घेतली. पहिल्यांदा पॅड झिजले तेव्हा मी सरळ गॅरेजात गेले. गॅरेजवाल्यांची एक रीत असते — नवा माल टाकला की जुना काढलेला माल वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. बघा, खरंच बदललंय, फसवलं नाही. तसा त्याने दिला. मी पुडी घेतली आणि तिथूनच लालबागला गेले, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती आणि आईला फुलं हवी होती. पुडी फुटली होती, माझे हात काळे झाले होते. बाबा पेटी काढून बसलेले. त्यांनी माझे हात पाहिले, पुडी पाहिली, एक पॅड उचलून अंगठ्याने झीज तपासली आणि वर न बघता विचारलं,

“ह्यां तू काढलंस?”

मी हो म्हटलं.

बस, एवढंच. एक अक्षर. ‘गॅरेजात काढलं’ म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण त्यांचा आवाज — तो मी आधी कधी ऐकला नव्हता. निकालाच्या दिवशीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ते झिजलेले पॅड पाटावर होते. बाबांच्या पान्यांच्या शेजारी, हळदकुंकू लावलेले. आईने त्यांच्यावर झेंडूचं फूल ठेवलं होतं. मी हात जोडले. माझ्यापुढे दुसरा काय मार्ग होता — होता, मला माहीत आहे.

त्यानंतर चाळभर झालं. आमची बाय गाडीचे ब्रेक स्वतः करते. पुढच्या वेळीही मी गॅरेजात गेले आणि ‘परळच्या आवारात केले’ असं सांगितलं. चार लोकांत माझी मान ताठ असायची, आणि खरं सांगू? मला ते खोटं जड वाटत नव्हतं. अंगावर चांगलं शिवलेलं कापड बसावं तसं ते बसलं होतं.

पण मी सांगायला बसले आहे ते हे नाही. हे तर बाबांना सांगितलं तर ते कदाचित खो खो हसतील.

माझा चुलत भाऊ संजू शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. त्या वर्षी गणपतीला सगळ्यांनी त्याच्याच व्हॅनने गावी जायचं ठरलं — आई-बाबा, संजू, त्याची बायको मनीषा, त्यांच्या दोघी मुली, आणि आम्ही तिघं: मी, प्रशांत नि आमचा ओम. आमचं गाव कणकवलीच्या बाजूला. हायवेवर खड्डे म्हणून कोल्हापूरकडून जाऊन फोंडा घाटाने खाली उतरायचं, असा बेत. आणि निघायच्या आठवड्यात व्हॅनचे ब्रेक ओरडायला लागले. नुसते ओरडत नव्हते, पेडल मऊ झालं होतं, पाय आत जायचा. गणपतीच्या तोंडावर कुठलंच गॅरेज गाडी घेईना; ज्याला त्याला कोकणात जायचंय.

संजू चाळीच्या गॅलरीत उभा राहून फोनवर फोन लावत होता. बाबा आतून म्हणाले, “गॅरेजवालो कित्याक व्हयो रे? आमची बाय आसा ना!”

संजूने माझ्याकडे बघितलं. “ताय, करशील? लय उपकार होतील.”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ‘मला येत नाही.’ मी बी.कॉम. झाले, मी गाडी शिकले, मी ऑफिसात माझ्या साहेबाला तोंडावर चूक दाखवते — आणि हे तीन शब्द मला येईनात. मी म्हटलं, “रविवारी करू. माल आणून ठेव.”

माझा हिशेब होता की गाडी परळला न्यायची म्हणून घेऊन जाईन आणि लांबच्या एखाद्या गॅरेजवाल्याच्या हातापाया पडेन. पण रविवारी सकाळी बाबा हत्यारांची पेटी घेऊन, चाळीखालच्या गल्लीत स्टूल टाकून बसले होते.

“हंयच कर गो बाय. माका बघूचा हा.”

मग? मी केलं. चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, आंघोळीच्या आधी, नवरा झोपल्यावर. अभ्यास मला येतो. लहानपणी मोरीशेजारी बसून अकाउंट्सचं पुस्तक पाठ केलं तसंच हे केलं. एका बाजूचं चाक खोललं की दुसऱ्या बाजूचं खोलायचं नाही, म्हणजे अडलं तर न खोललेलं बघता येतं — हे मीच काढलेलं डोकं. पिस्टन मागे ढकलायला बाबांचा मिलमधला क्लॅम्प लागला. तो चाकात बसला तेव्हा बाबा स्टुलावरून उठून उभेच राहिले. गाडी त्यांची लाइन नाही, त्यांना त्यातलं कळत नव्हतं. आपलं हत्यार पुन्हा कामाला लागलं एवढं कळत होतं. मागच्या लायनरच्या स्प्रिंगांनी माझी दोन बोटं फाडली. मी चिंधी बांधली आणि पुढे गेले.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बारकासा नट सैल करून पुन्हा आवळायचा. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी खालून ओरडत होते, “बाबा, मारा! मारा! मारा! आता धरा!”

वरून पेडणेकर काकू, “अगो, बापाशीक मारा मारा काय म्हणतंस? कोणी आयकलान तर पोलीस येतीत!”

सगळी गल्ली हसली. बाबा सर्वांत जास्त हसले, पेडलवरचा पाय जराही न हलवता. मी म्हटलं होतं ना, धरा.

आणि शेवटी पेडल घट्ट झालं. मी गल्लीतून व्हॅन पुढे-मागे नेली, जोरात दाबलं, जागच्या जागी उभी. त्या क्षणी मला जे वाटलं ते मला आजही कुणी चूक ठरवू नये. ते काम माझं होतं. पहिल्यांदा खरंच माझं. बाबांनी चाकापुढे नारळ फोडला आणि खोबरं पहिल्यांदा मला दिलं.

नंतर हत्यारं पुसून पेटीत ठेवताना मला एक पोलादी पत्री सापडली.

बोटाच्या पेराएवढी, वाकवलेली पातळ पत्री. पॅड जागेवर नीट सरकावा म्हणून अशा पत्र्या असतात. नव्या पॅडच्या खोक्यात नव्या येतात, जुन्या काढून टाकायच्या. ही एक फडक्यात गुंडाळलेली, ग्रीसने माखलेली. जुनी असेल तर भंगार. नवी असेल, तर कुठल्या तरी चाकात ती नाही. जुन्या किती निघाल्या ते मोजायचं मला सुचलं नव्हतं, आणि संजूच्या मुली त्यांच्याशी भातुकली खेळल्या होत्या, त्यामुळे आता मोजायला काही उरलं नव्हतं. पुढची दोन चाकं पुन्हा खोलली असती तर कळलं असतं. अर्ध्या तासाचं काम. पण आत्ताच नारळ फुटला होता. लोक आत्ताच म्हणाले होते, पोरगी असावी तर अशी. आता जॅक पुन्हा लावायचा, आणि कुणी विचारलं ‘काय गं, काय झालं?’ तर काय सांगायचं?

मी पत्री पर्समध्ये टाकली.

तरी ऐका, हेही मी सांगायला बसले आहे ते नाही. घाबरून गप्प बसणारी माणसं जगात खूप आहेत. त्यात आणखी एक मी. मला सांगायचं आहे ते मंगळवारी सकाळचं.

निघायची वेळ. व्हॅनच्या टपावर सामान बांधून झालं होतं. आई आत बसली होती, मांडीवर मखराच्या कागदांची पिशवी. ओम सर्वांत पुढे, खिडकीशी, बाबांच्या शेजारी. ही जागा त्याने आठवडाआधीच मागून ठेवली होती. मी दाराशी उभी होते. रात्रभर मी मनात तो घाट उतरत होते. भरलेली गाडी, वळणामागे वळण, संजूचा पाय पेडलवर. ब्रेक धरतील, मला जवळजवळ खात्री होती. जवळजवळ.

आणि माझ्या तोंडून आलं, “ओमला उतरव. त्याला घाट लागतो.”

प्रशांत बघतच राहिला. “घाट लागतो? कधीपासून? महाबळेश्वरला वडापाव खात चढला होता तो.”

“तेव्हा लहान होता. आता लागतो. गाडीत उलट्या करेल, सगळ्यांचा प्रवास वाया. आम्ही एसटीने येतो. तूही चल आमच्याबरोबर, मला एकटीला सामान नाही झेपायचं.”

ओम रडला. “मला नाही लागत! मम्मी, मला कधीच नाही लागत!” मी त्याचा दंड धरून त्याला खाली घेतलं. जोरात धरला होता.

संजू म्हणाला, “ताय, तुझी मर्जी.” आणि रिकामी झालेली जागा बघून त्याने आपल्या धाकटीला, चिऊला, मागून उचलून पुढे बसवलं. ती टाळ्या वाजवायला लागली. बाबांनी तिला कुशीत घेतलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून व्हॅनच्या पत्र्यावर थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारावी तशी, आणि मला म्हणाले, “तू केलंस, मगे भय कसला?”

व्हॅन गेली.

हे आहे ते. मी माझा मुलगा उतरवून घेतला, माझा नवरा उतरवून घेतला, स्वतः उतरले — आणि बाकीच्यांना जाऊ दिलं. माझ्या बापाला. माझ्या आईला. चार वर्षांच्या पोरीला माझ्या मुलाच्या जागेवर बसलेलं मी पाहिलं, हात हलवून टाटा केला, आणि एक शब्द बोलले नाही. माझा माझ्या कामावर विश्वास होता असं म्हणू? मग ओमला का उतरवलं? नव्हता म्हणू? मग चिऊला का जाऊ दिलं? या दोन प्रश्नांच्या मधे उभं राहायला मी जागा शोधली. नाही सापडली.

संध्याकाळी फोन आला. बाबांचा. वाऱ्याचा आवाज, मुलींचा आवाज.

“बाय गो, घाट उतरलव! ब्रेक काय धरता म्हणतंस! संजू नुसतो पाय ठेयता तर गाडी खुंट्याक बांधल्यासारखी उभी!”

मी देवाचे आभार मानले असं सांगितलं तर चांगलं दिसेल. नाही मानले. मी म्हटलं, “मग? काम कोणाचं आहे?”

रात्री आम्ही एसटीत बसलो. तोच घाट. ते ब्रेक डेपोतल्या कुणा अनोळखी माणसाने केलेले, त्याचं नाव-गाव मला ठाऊक नाही. मी ओमचं डोकं मांडीवर घेतलं आणि घाटात गाढ झोपले.

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, ‘नट एकदा आवळून बघते’ म्हणून मी एकटीने पुढची दोन्ही चाकं उतरवली. सगळ्या पत्र्या जागेवर होत्या. पर्समधली जुनी होती. कुठेही काही चुकलं नव्हतं, एक स्प्रिंगसुद्धा नाही. माझं पहिलं काम, व्हिडिओ बघून केलेलं, निर्दोष होतं. अंगणात चाकाजवळ बसून मी किती तरी वेळ ते बघत राहिले. मला लाज वाटली नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. छाती भरून आली. मुंबईला परतल्यावर मी गॅरेजात ब्रेकसाठी पुन्हा गेले नाही ते आजतागायत.

सगळ्यांना ते कौतुक ठाऊक आहे. उरलेलं ओमने उचललं. आमच्या घरात त्याला ‘घाट लागणारा’ म्हणतात. आता तो माझ्याहून उंच आहे, तरी कुठे निघालो की आई त्याच्या हातात आलेपाकाची वडी ठेवते. आधी भांडायचा, आता गुपचूप खातो. मला वाटतं त्याला स्वतःलाही आता ते खरं वाटतं.

त्या वर्षी गणपती विसर्जन झालं आणि परत निघालो. मी ओमला पुढे बसवलं. खिडकीशी, बाबांच्या शेजारी. चिऊ तिथे आधीच चढून बसली होती. मी तिला उचलून मागे मनीषाकडे दिलं. आता माझी खात्री झाली होती ना.

मनीषा म्हणाली, “अगं ताई, त्याला घाट लागतो ना? पुढे बसवतेस ते?”

“उतरताना लागतो गं,” मी म्हटलं. “चढताना नाही.”

संजू स्टिअरिंगवर हात आपटून हसला. “तुझ्या पोराचं पोट पण तुझ्यासारखंच हुशार दिसतंय, ताय!” सगळे हसले. मीही हसले. आणि घाट चढेपर्यंत मागच्या सीटवर चिऊ मनीषाच्या मांडीवर पिशवीत तोंड घालून ओकत होती. तिला खरंच लागतो.